बारावा महिना

७ जानेवारी, मंगळवार

म्हातारा मेला. काल दुपारी, अकोल्यात, झोपेत. अशा माणसाले झोपेत मरण येते, अन् माझी माय चार महिने तडफडली. सकाळी शालोम सरांचा फोन आला, अकरा वाजता माती आहे, येशीन का? मी म्हटलं, ड्यूटी आहे. ड्यूटी दुपारची होती, पण सांगून टाकलं.

फोन ठेवला अन् बाजारात जाऊन पावशेर जिलेबी बांधून आणली. बहिणीच्या, हन्नाच्या पुढं ठेवली. तिनं पुड्याकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. "कोण गेलं?" म्हणे. मी म्हटलं, तुझा सासरा. तिनं पुडा उचलला, मोरीत रिकामा केला अन् वरून बादलीभर पाणी ओतलं. मले वाटलं होतं खूश होईन. नऊ वर्षं मी ह्याच दिवसाची वाट पाहून राहिलो होतो.

९ जाने., गुरुवार

आज सर स्वतः आले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, कानटोपी घालून, एसटीनं अकोल्याहून अमरावतीले. मले हिब्रूचं अलेफ-बेत ह्याच माणसानं शिकवलं, त्यांच्या तोंडावर दार कसं लावू? चहा प्याले अन् सरळ मुद्द्यावर आले. डॅनियलले बापासाठी कद्दीश, मेलेल्याच्या नावाची प्रार्थना, म्हणायचा आहे. अकरा महिने. रोज म्हणायला पाहिजे, पण आपल्या मुलखात रोज दहा पुरुष जमवणं कोणाच्या बापाले शक्य नाही. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी, सरांच्या जठारपेठच्या घरी, वरच्या खोलीत. पण शुक्रवारीही आता नऊच होतात. दोन घरं इझ्रायलले गेली, एक ठाण्याले. अकोला-अमरावती मिळून मले धरून बरोबर दहा उरलो. नऊ असले तर कद्दीश म्हणता येत नाही.

मी म्हटलं, नका म्हणू. सडू द्या त्याले.

सर म्हणाले, एली, नऊ वर्षांपूर्वी तू काय केलं ते मी पोलिसापर्यंत जाऊ दिलं नाही. मी म्हटलं, उपकार नाही केला सर, तेव्हाबी तुमी हेच म्हटलं होतं, की हा आत गेला तर मोजायले एक कमी होईन. सर हसले नाहीत.

एकदा लिहून टाकतो. शुक्रवारची संध्याकाळ, हन्नानं शब्बाथचा तेलाचा दिवा लावला. खिडकी उघडी होती, दिवा विझला. एकदा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, लागला की शनिवार सांजेपर्यंत आग पेटवता येत नाही, तर ती अंधारात बसून राहिली. म्हातारा आला. पीटी मास्तर होता तो, पोरांचे पाय फोडून रिटायर झालेला. भरलेला पितळी तांब्या उचलला अन् तिच्या कानशिलात घातला. डावा कान कायमचा गेला. डॅनियल, तिचा नवरा, दारात उभा होता. त्यानं काही केलं नाही. रविवारी सकाळी मी कारखान्यातला बावीसचा पाना घेऊन अकोल्याले गेलो. डॅनियलचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. त्यानं शटर वर केलं, मी त्याचा उजवा हात काउंटरवर दाबला अन् तीन बोटं मोडली. एक, दोन, तीन, मोजून. त्याच दिवशी हन्नाले घेऊन आलो. तेव्हापासून ती माझ्याकडं. त्याचं पूर्ण नाव आज लिहिलं, पुढं डॅ. पुरे.

सर निघाले तेव्हा हन्ना आतून आली. म्हणे, "जा दादा. बसून या. पण तोंड उघडू नका. मोजायले डोकं द्या, आमेन देऊ नका."

मी काहून म्हणून विचारलं. तर म्हणे, कद्दीश म्हणायचा राहिला तर म्हाताऱ्याचा आत्मा माझ्याच घरात फिरत राहीन. मले तो कुठंतरी गेलेला पाहिजे.

१२ जाने., रविवार

शुक्रवारी गेलो. सुपरवायझरशी भांडून रविवारची सुट्टी शुक्रवारवर टाकली, म्हणून आता ड्यूटीवरून आल्यावर लिहितो. शब्बाथले सर कोणाले गाडीत बसू देत नाहीत अन् लिहू देत नाहीत, म्हणून शनिवार सांजेपर्यंत त्यांच्याच घरी, खालच्या खोलीत सतरंजीवर.

वरच्या खोलीत पाय ठेवला अन् नऊ तोंडं गप झाली. मोझेसभाऊ, बँकेतले, त्यांनी उगाच पंखा मोठा केला. जानेवारीत. डॅ. हेखालजवळ, पवित्र ग्रंथाच्या कपाटाजवळ, बसला होता. केस पांढरे झाले. प्रार्थनेचं पुस्तक डाव्या हातानं धरते, उजवी तीन बोटं वाकडीच राहिली. घड्याळाचा धंदा तेव्हाच बसला, आता पट्टे अन् सेल विकते. मले वाईट वाटायला पाहिजे होतं का? वाटलं नाही. मी त्या बोटांकडं पाहत बसलो अन् मनात म्हटलं, चौथं राहिलं.

तो उठला, कद्दीश म्हटला. बाकी सगळे आमेन म्हणत होते. मी दात दाबून बसलो. जबडा अजून दुखते.

२६ जाने., रविवार

तिसरा शुक्रवार. काही नाही. गप गेलो, गप आलो. डॅ. माझ्याकडं पाहत नाही. जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीले चिकटून उभा राहिला, मी उतरेपर्यंत. उजवा हात पाठीमागं. मले बरं वाटलं, अन् बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

१६ फेब्रु., रवि.

जाताना बसमध्ये मूर्तिजापूरले एकानं माझ्या सीटवर पिशवी ठेवली. मी फेकली. तो उठला, मी कॉलर धरली, कंडक्टरनं सोडवलं. माझं नाक फुटलं, त्याचा ओठ. रक्ताच्या शर्टानं शब्बाथले गेलो. सरांनी काही न विचारता स्वतःचा सदरा दिला, छातीले लहान.

अन् त्याच दिवशी घात झाला. डॅ. कद्दीश म्हणून राहिला होता अन् माझं लक्ष नाकाकडं होतं. तोंडातून आमेन निघून गेलं. लहानपणापासूनची सवय, जिभेले काय माहीत कोणासाठी म्हणायचं. मोठ्यानं निघालं. डॅ. अडखळला. पुढचा शब्द विसरला, सरांनी सांगतला.

हन्नाले सांगू की नको? ती दर रविवारी विचारते, तुमी काही बोलले का. नाही म्हटलं.

२३ मार्च, रवि.

सांगून टाकलं. खोटं पोटात राहत नाही माझ्या. भाकरी थापून राहिली होती ती. पिठाचे हात तसेच, उठली, माझं ताट घेतलं अन् भिंतीवर मारलं. वरण छतापर्यंत उडालं. मीबी उठलो, हात उचलला. हो, उचलला. तिच्यावर. तिनं उजवा, चांगला कान पुढं केला. म्हणे, "हा राहिला आहे, घ्या."

मी बाहेर गेलो अन् मोटारसायकलचा आरसा मुठीनं फोडला. सहा टाके. हे इथं लिहितो कारण दुसरीकडं कुठं सांगू? म्हाताऱ्यापेक्षा मी किती वेगळा आहे, हे आज मले खरंच सांगता येत नाही.

संध्याकाळी भिंत दोघांनी मिळून पुसली.

६ एप्रिल, रवि.

गप. हात बरा. तोंड बंद ठेवलं.

१८ मे, रवि.

अकोल्यात चव्वेचाळीसच्या वर. वरच्या खोलीचं छत पत्र्याचं. दहा माणसं अन् एक कूलर, त्यात पाणी नाही. मोझेसभाऊ कुरकुरून राहिले, म्हणे किती शुक्रवार राहिले, मले पोरीकडं पुण्याले जायचं आहे. सर म्हणाले, तू गेला तर नऊ. मोझेसभाऊ म्हणे, मले काय बांधून ठेवलं का? सर म्हणाले, हो. तिथंच विषय संपला. पाहा, सगळ्यांचेच पाय अडकले आहेत त्या मेलेल्याच्या दोरीत.

मागच्या शुक्रवारी स्वप्न पडलं. म्हातारा शाळेच्या मैदानात शिट्टी वाजवून राहिला अन् आमी दहाही जण रांगेत. तो एकेकाच्या कानशिलात मारत पुढं येऊन राहिला. माझी पाळी यायच्या आधी जाग आली. जागेपणी मूठ आवळलेलीच होती.

१३ जुलै, रवि.

निम्म्याहून जास्त झाले. काल सांजेले बसस्टँडवर डॅ. दिसला, म्हणजे तो मुद्दाम आला. लांब उभा राहिला. मी बसमध्ये चढलो, खिडकीत बसलो. त्यानं हात जोडले. मी थुंकलो, खिडकीबाहेर, त्याच्या बाजूले. बस हलली. तरी तो तसाच उभा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

शब्बाथ लागला, लिहायचं नाही. तरी लिहून राहिलो.

प्रार्थना सुरू व्हायच्या आधी मोझेसभाऊंनी पुन्हा काढलं, कधी सुटतो आपण. सरांनी आपल्या पंचांगावर हिशेब केला, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अकरा महिने पुरे. मोझेसभाऊ म्हणे, वर्ष पुरं काहून नाही करत? सर म्हणाले, मोझेस, तुले माहीत नाही का? दुष्ट माणसाचा मेल्यावर निवाडा बारा महिने चालते. बारा महिने कद्दीश म्हटला तर लेक आपल्या बापाले दुष्ट म्हणून राहिला, असा अर्थ होते. म्हणून अकरावर थांबायचं.

त्या एका आमेनशिवाय आठ महिने मी तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं. "याच्या बापाले बारा लागतील," मी म्हटलं. "बारानं बी भागणार नाही. बाराचं गिऱ्हाईक होतं ते."

डॅ. उठला. मले वाटलं रडेल, हात जोडेल. त्यानं बाक उचललं. लाकडी, चौघे बसतात असं. त्या वाकड्या बोटांनी. माझ्या खांद्यावर आलं. मी त्याले हेखालच्या पडद्यापर्यंत ढकलत नेलं, गळा धरला. तो माझ्या तोंडावर मारत होता, मी त्याच्या. दात लागला हाताले. माणसं ओढत होती. कोणीतरी मागून माझा हात धरला, मी न पाहता कोपर मागं मारलं, पूर्ण जोरानं.

मागं सर होते.

खाली पडले तर आवाज झाला, वाळकं लाकूड मोडल्यासारखा. खुब्याचं हाड. मोझेसभाऊंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. शब्बाथ लागला होता अन् शब्बाथलेच गाडीतून नेलं सरांना. डॉक्टरांना सर म्हणाले, जिन्यावरून पाय घसरला.

माझं कोपर होतं. दुसऱ्या कोणाचंच नाही.

३१ ऑगस्ट, रवि.

दवाखान्यात दोन दिवस. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणते, ह्या वयात चालतील की नाही सांगता येत नाही.

काल दुपारी कॉरिडॉरमध्ये डॅ. अन् मी, एकाच बाकावर, मधात एक जागा सोडून. दुसरी जागाच नव्हती. त्याचा डोळा सुजून बंद, माझा खांदा उचलत नव्हता. मंग त्यानं उजवा हात गुडघ्यावर ठेवला, अन् त्या हाताशीच बोलल्यासारखं बोलला.

"हा हात तू पहिल्यांदा नाही मोडला, एली. मी सातवीत होतो. त्यानं दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं."

मी म्हटलं, मंग त्या दिवशी तिच्यासाठी काहून नाही हलला? तो म्हणे, त्याच्यापुढं मी सातवीतलाच होतो.

मले सांगू नको असलं काही. मले तुझी कीव करायची नाही. नऊ वर्षं मी एकाच माणसाले धरून बसलो, त्याले मारलं ते बरोबर केलं म्हणत. आता हे कुठं ठेवू?

१४ सप्टें., रवि.

दोन शुक्रवार कद्दीश नाही. सर दवाखान्यात, उरले नऊ. तरी नऊही जण आलो. डॅ. पुस्तक उघडून उभा राहिला, मोजलं, बसला. त्याच्या बापाले नऊ मिळाले अन् नऊचा काही उपयोग नाही. मी केलं हे. आधी मले हेच पाहिजे होतं, जानेवारीत. आता नको आहे.

हन्नाले म्हटलं, राहिला बघ तुझ्या सासऱ्याचा कद्दीश, माझ्या कोपरानं. ती म्हणे, आता तुमचं मारणं सरांपर्यंत गेलं, उद्या कुठपर्यंत जाईन?

२१ सप्टें., रवि.

सर घरी आले. जिना चढणं बंद. मंग वरची मशीदच खाली आणली, त्यांच्या पलंगाभोवती. म्हातारी माणसं सिनेगॉगले मशीदच म्हणतात, मलेही तेच तोंडात येते. बाकं उतरवली, मोझेसभाऊंनी दिवे. सेफेर तोराची, पवित्र ग्रंथाची, पेटी उतरवायची वेळ आली तर उचलायले दोघं लागतात. बाकी सगळे साठीच्या वरचे. मी एक बाजू धरली. डॅ.नं दुसरी धरली. जिना अरुंद, तो उलटा उतरत होता, मी वरून. एकदा त्याचा पाय चुकला अन् सगळं वजन माझ्याकडं आलं. मी सोडलं असतं तर तो पेटीसकट खाली. नाही सोडलं. "थांब," म्हटलं, "पाय शोध." नऊ वर्षांत त्याच्याशी रागाशिवाय बोललेला हा पहिला शब्द.

सर झोपूनच प्रार्थना म्हणाले. झोपलेला दहावा चालते. कद्दीश झाला.

५ ऑक्टो., रवि.

किप्पूरचा उपास झाला गुरुवारी. त्याच्या आधी ज्याचं ज्याचं वाईट केलं त्याले जाऊन माफी मागायची असते, नाही तर वरचाबी माफ करत नाही. बुधवारी दुपारी सरांच्या पायाशी बसलो. मोठा माणूस मी, एक्कावन्न वर्षांचा, ढसाढसा रडलो. सर म्हणाले, माझं सोपं आहे रे, मी केव्हाच दिली. तुझे अजून दोन राहिले.

एक डॅ., कबूल. दुसरं कोण? बसमध्ये समजलं. हन्ना. मार्चमधला तो हात.

घरी येऊन तिले म्हटलं, मार्चमध्ये मी हात उचलला, माफ कर. ती म्हणे, उचलला, मारला नाही. मी म्हटलं, तरी. मंग ती म्हणे, केलं. डॅ.कडं नाही गेलो. पाय उचलला नाही.

२३ नोव्हें., रवि.

झाले अकरा महिने. परवा शेवटचा कद्दीश. सगळ्यांनी डॅ.शी हात मिळवले, मोझेसभाऊ तर पुण्याचं तिकीट खिशात घेऊनच आले होते, मंगळवारचं. मी लांबून मान हलवली. सर पलंगावर उशीले टेकून बसले. फार हलकं वाटलं. आता शुक्रवार माझे. सुपरवायझरले सांगायचं, रविवार परत दे.

२५ नोव्हें., मंगळवार

सेकंड शिफ्टले निघत होतो. फाटकाशी डॅ. उभा. अमरावतीले, माझ्या घराशी! माझा हात आपोआप फाटकाच्या लोखंडी पट्टीकडं गेला, काढलीही मी ती. "दादा, ठेवा ते," आतून हन्ना म्हणाली. अन् त्याले म्हणाली, या.

तो बसला नाही. चपला दारात काढून उभाच राहिला. जवळपास दहा वर्षांनंतर बायकोपुढं. म्हणाला, सर म्हणतात थांब, अकरा झाले. मी थांबलो तर सगळ्यांपुढं मी म्हणून राहिलो की माझा बाप चांगला माणूस होता. बारावा महिना म्हटला तर अख्ख्या लोकाले समजेन तो काय होता. बाप आहे माझा. पण मी त्याले ओळखतो. "तू सांग," म्हणे. "थांबू की म्हणू?"

हन्ना म्हणाली, "मले विचारता? मी तर तुमच्या दहात मोजल्याही जात नाही."

"दहातल्या कोणाले त्यानं तांब्या नाही मारला," डॅ. म्हणाला. "तुले मारला."

मी मधात पडलो. म्हटलं, निघ. दहा वर्षं गेली, कान गेला, आता हे ओझंबी तिच्याच डोक्यावर टाकतो? तिनं म्हणायचं अन् तू नामानिराळा? हन्नानंच मले हातानं मागं सारलं. त्याले म्हणाली, शुक्रवारी येते. तुम्ही त्या दिवशी काय पाहिलं ते आधी सगळ्यांपुढं सांगा. बाकीचं मंग पाहू.

शिफ्टले दोन तास उशीर. मशीनवर बोट जाता जाता वाचलं.

२७ नोव्हें., गुरुवार

मोझेसभाऊ पुण्याले गेलेच नाहीत. सरांनी फोनवर सांगतलं, तिकीट फाडलं त्यांनी. मी विचारलं, काहून? म्हणे, ऐकायचं आहे त्यांना. अकोल्यात सगळ्यांनाच माहीत होतं एली, त्या घरात काय चालते. मलाही.

सर रडून राहिले होते फोनवर. माझ्या रागाले आता नवीन आठ जण भेटले.

हन्ना इस्त्री करते आहे, निळी साडी. मी म्हटलं, नको जाऊ, त्या लोकांपुढं उभं राहायची गरज नाही. ती म्हणे, मी बसणार आहे, उभं त्यानं राहायचं.

३० नोव्हें., रवि.

शुक्रवारचं आज लिहितो.

हन्नासाठी खुर्ची सरांच्या पलंगाच्या पायथ्याशी मांडली होती, बायांचा पडदा नाही, काही नाही. सरांनीच सांगतलं होतं. आमी दहा. कद्दीशच्या वेळी डॅ. उठला. पुस्तक मिटलं. तिच्याकडं तोंड करून बोलला.

म्हणाला, दिवा विझला होता. बाबांनी तांब्या उचलला तेव्हा मी पाहत होतो. तो काय करणार हे मले माहीत होतं, दुसऱ्या कोणाले माहीत नसेल इतकं. ती एकदा पडली, उठली, माझ्याकडं पाहिलं. बाबांनी पुन्हा तांब्या उचलला. शेजारचे बाहेर आले होते, विचारून राहिले होते काय झालं म्हणून.

"मी दार लावलं," तो म्हणाला. "आतून."

दुसऱ्यांदा! मले आजवर एकच माहीत होतं. हन्नानं दहा वर्षांत कधी सांगतलं नाही. अन् ते दार. मी उठलो. माझी खुर्ची पडली. डोळ्यांपुढं खरंच काही दिसत नव्हतं, त्याचा गळा तेवढा दिसत होता. मोझेसभाऊ मधात आले, मी त्यांना बाजूले फेकलं. डॅ. हलला नाही, हातही वर केला नाही. मी मूठ मागं नेली, अन् मागं सर आहेत हे आठवलं, पलंगावर. हात तिथंच थांबला. मंग मी दरवाज्याकडं गेलो, कडी काढली. बाहेर पडलो की नऊ. एक पाऊल. म्हाताऱ्याचा बारावा महिना, तेरावा, सगळं एका पावलात बंद. अन् ह्याचं तोंडही.

"दादा, बसा," हन्ना म्हणाली.

मी म्हटलं, हे ऐकूनही? ती म्हणे, हे मले नवीन नाही. तुमाले नवीन आहे. बसा.

बसलो. कडी तशीच उघडी.

ती डॅ.कडं वळली. मंग म्हणाली, "आज म्हणा. पुढच्या शुक्रवारचं मी पुढच्या शुक्रवारी सांगीन. तुमी विचारायचं, सगळ्यांपुढं. मी हो म्हटलं तर म्हणायचं, नाही म्हटलं तर पुस्तक मिटायचं."

सरांनी मान हलवली. डॅ.नं म्हटला. बारावा महिना सुरू झाला. अकोल्यात आता सगळ्यांपुढं उघड झालं म्हातारा काय होता, त्याच्याच लेकानं सांगतलं. आमेन कोणी म्हटलं, कोणी नाही. मले सांगता येत नाही मी काय केलं, कानात नुसती रक्ताची धडधड होती.

आज सकाळच्या बसनं परत आलो दोघं. तिले खिडकी दिली, मी तिच्या उजवीकडं, म्हणजे ऐकू येते. बडनेरा आलं तेव्हा विचारलं मी तिले, हे माफ केलं की शिक्षा दिली? वर्षाचे चार शुक्रवार राहिले, त्यातला एक गेला. ती बाहेर पाहत होती. कापसाच्या गाड्या उभ्या होत्या रस्त्यानं.

"मले माहीत असतं," म्हणे, "तर परवाच नसतं का सांगतलं."

सुपरवायझरले फोन केला. अजून तीन शुक्रवार पाहिजेत म्हटलं.